चित्र कोणी पाहावे? औंधच्या राजाचे छायाचित्र आणि टेकडीवरचे संग्रहालय

१/
औंध संस्थानच्या अधिपतींनी १९२०च्या दशकात सूर्यनमस्कारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील छायाचित्रांत राजेसाहेब स्वतः होते. पण डोक्यावर पगडी नव्हती, अंगावर जरीचा अंगरखा नव्हता, कमरेला तलवार नव्हती. व्यायामापुरते वस्त्र नेसून ते नमस्काराच्या अवस्था दाखवीत होते. पुढे सुमारे दहा वर्षांनी त्यांनी आपला चित्रसंग्रह प्रजेसाठी खुला केला आणि लगेच पुढच्या वर्षी राज्यकारभारही प्रजेच्या हाती दिला. या तीन कृतींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पाहण्याची आणि ठरवण्याची योग्यता कोणाची? (धागा)

२/
प्रथम भूगोल. औंध हे सलग राज्य नव्हते. बहात्तर गावांचे हे संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले होते. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ थेट विजापूरकडे. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना परक्या हद्दी ओलांडाव्या लागत. उत्पन्न बेताचे, पाऊस कमी, जमीन बरीचशी माळरानाची. बडोदे किंवा ग्वाल्हेरच्या वैभवाशी या संस्थानाची तुलनाच होऊ शकत नव्हती.

३/
या संस्थानच्या गादीवर १९०९ मध्ये श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. ते डेक्कन कॉलेजचे पदवीधर, उत्तम कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार होते. १९१६ मध्ये त्यांनी काढलेल्या चित्रांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक सुखटणकरांबरोबर चित्रकार म्हणून औंधाधिपतींचेही नाव छापलेले आहे.

४/
बाळासाहेबांच्या जन्माच्याच वर्षी, १८६८ मध्ये, लंडनच्या न्यायालयात एक निकाल लागला. हिकलिन खटला या नावाने तो ओळखला जातो. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी सांगितली : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती हे प्रकाशन पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय? पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ हिंदुस्थानातील न्यायालये याच कसोटीने पुस्तके आणि चित्रे तोलत राहिली.

५/
ही कसोटी बारकाईने वाचली पाहिजे. तिचा भर चित्रात काय आहे यावर कमी आणि ते कोणाच्या हाती पडेल यावर अधिक आहे. तेच चित्र सरदाराच्या दिवाणखान्यात असेल तर भय नाही. आठ आण्यांना रस्त्यावर विकले गेले, तर मात्र समाज बुडणार. म्हणजे दोष चित्रापेक्षा पाहणाऱ्याच्या पायरीशी जोडला गेला. शिकलेला, पैसेवाला मनुष्य बिघडत नाही. गिरणीतला कामगार, शाळकरी पोर आणि स्त्री यांचे रक्षण केले पाहिजे, हे त्यामागचे गृहीत.

६/
भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ने आणखी एक मजेशीर अपवाद केला. देवळातील किंवा देवाच्या रथावरील शिल्पे, तसेच धार्मिक कामासाठी ठेवलेली चित्रे यांना हे कलम लागू नव्हते. शतकानुशतके लोक देवळांच्या भिंतींवर सुरसुंदरी आणि मिथुनशिल्पे पाहत आले होते; त्यावर बंदी घालणे सरकारलाही परवडणारे नव्हते. तेव्हा भाविक म्हणून आलेल्या शेतकऱ्याला जे दिसले तरी चालत होते, तेच नागरिक म्हणून त्याने कागदावर पाहिले तर गुन्हा ठरू शकत होता.

७/
छापखान्याने हा पेच वाढवला. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे राजवाड्यांत टांगली जात होती, तोवर ती श्रेष्ठ कला होती. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, मेनका घराघरांत पोहोचल्या. पुराणातील नायिका म्हटल्या की ओल्या पातळाचेही समर्थन होत असे. पण छायाचित्राला पुराणाचा आधार घेता येत नव्हता. रंगवलेली दमयंती म्हणजे कोणी एक बाई नव्हे. छायाचित्रातील देह मात्र नाव-गाव असलेल्या, हयात माणसाचाच असतो.

८/
संस्थानिकांच्या छायाचित्रांची तर एक ठरलेली रीतच होती. मागे रंगवलेला पडदा, शेजारी कोरीव मेज, अंगावर मोत्यांचे कंठे, हात तलवारीच्या मुठीवर. त्या चित्रात देह जवळजवळ दिसतच नसे. दिसे तो दर्जा. वस्त्रालंकार हीच राजाची ओळख असल्यामुळे ती उतरवून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे म्हणजे स्वतःच्या हाताने आपली राजमुद्रा बाजूला ठेवण्यासारखे होते. औंधच्या राजांनी हे का केले, याचा धागा एका जर्मन पहिलवानापर्यंत जातो.

९/
युजेन सँडो हे त्या काळचे जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. ग्रीक पुतळ्यासारखी ऐट घेतलेली, जवळजवळ विवस्त्र अशी त्यांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापली जात आणि हजारोंनी विकली जात. देहाचे छायाचित्र ही बाजारात विकण्याची वस्तू होऊ शकते, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत सँडो होते. १९५६ मध्ये लंडनच्या रिचर्ड हॅमिल्टन यांनी मासिकांतील कात्रणे चिकटवून एक चित्र केले. पॉप आर्टच्या आरंभबिंदूंपैकी ते एक मानले जाते. त्यातही एक पीळदार शरीराचा पहिलवान उभा आहे.

१०/
बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागवली आणि पुढे दहा वर्षे त्याच पद्धतीने व्यायाम केला. १९०८ मध्ये त्यांचे स्नेही, मिरजेचे अधिपती गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन, यांच्या उदाहरणाने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. विलायती डंबेल्स बाजूला पडले आणि साधनांवाचून, पैशावाचून, घरच्या ओसरीवर करता येणारा व्यायाम त्यांनी आयुष्यभरासाठी स्वीकारला. औंधच्या शाळांतही तो सुरू झाला.

११/
व्यायाम बदलला, तरी सँडोची एक गोष्ट त्यांनी सोडली नाही : छायाचित्र. शब्दांनी सांगितलेली अवस्था वाचणारा चुकीची करील. पाहून करणारा चुकणार नाही. म्हणून पुस्तकात छायाचित्रे आली. एखाद्या तालमीतील पोराला उभे करणे सोपे होते, परंतु राजे स्वतः उभे राहिले. साठीच्या घरातील आपला देह त्यांनी पुराव्यादाखल लोकांपुढे ठेवला. गावातील शेतकऱ्याने त्या पानावर बोट ठेवून राजाच्या पाठीचा बाक तपासावा, असा हा व्यवहार होता. दर्शन देण्याची जुनी रीत येथे पार उलटली.

१२/
राणीसाहेबही नेमाने नमस्कार घालीत, आणि स्त्रियांनी हा व्यायाम करावा असा राजांचा जाहीर आग्रह होता. लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार स्त्रीने औंधच्या या व्यायामपद्धतीविषयी लिहिले. १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली इंग्लंडमध्ये जे पुस्तक निघाले, त्याच्या शीर्षकातच नमस्काराच्या दहा अवस्थांचा उल्लेख आहे. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून निघालेली शरीराची भाषा अशा रीतीने छापील पानांवरून जगभर गेली.

१३/
राजांना हे साधले, कारण ते राजे होते, हेतू आरोग्याचा होता आणि सूर्योपासनेची पवित्र चौकट भोवती होती. ज्याच्यामागे गादी आणि धर्म नव्हते, त्याचे काय झाले? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्याच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रीदेहाची चित्रे असत. देहाची लाज वाटणे ही मनाची सवय आहे आणि ती पाहूनच मोडते, अशी त्यांची भूमिका होती. चरितार्थ चालणे अवघड झाले, तरी मृत्यूपर्यंत त्यांनी मासिक बंद पडू दिले नाही.

१४/
१९३१ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांना जे विचारावेसे वाटते, त्याला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा बचावाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला. अज्ञानी वाचकाचे रक्षण ज्ञानाने होते की अंधाराने, हा वाद तेथे अनिर्णीत राहिला.

१५/
पुन्हा औंधकडे. या संस्थानात चित्र आणि यंत्र यांची गाठ आधीच पडली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेलेले तरुण. रंगांधळेपणामुळे रंग सोडून यांत्रिक रेखनाकडे वळले. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

१६/
त्याच वाडीतून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू केले. शंकरराव स्वतः चित्रकार असल्यामुळे या मासिकांत व्यंगचित्रांना आणि मुखपृष्ठांना मोठा मान होता. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात छापलेले सचित्र मासिक खेड्यातील सुनेच्या हाती पडू लागले. हिकलिन कसोटीला ज्या हातांची सर्वाधिक काळजी होती, नेमके तेच हात.

१७/
औंधमध्ये आणखी एक विलक्षण व्यक्ती राहत होती. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून ठाऊक आहेत; परंतु ते मूळचे चित्रकार आणि छायाचित्रकार. हैदराबाद आणि लाहोर येथे त्यांचे कलाव्यवसाय होते, आणि वैदिक प्रार्थनांवरील तेजस्वी लेखामुळे इंग्रज सरकारचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. १९१८ मध्ये ते औंधला आले आणि तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर पुढे नामांकित चित्रकार झाले.

१८/
बाळासाहेबांची चित्रांची ओढ संग्रहापुरती नव्हती. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या राजकन्या, दासी, अप्सरा यांची अंगे बहुतांशी उघडी आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यांवर संकोचाचा लवलेश नाही. ही लाज देशाच्या जुन्या कलेत कोठेच नव्हती, हे त्या प्रतिकृती न बोलता सांगत होत्या.

१९/
१९३८ मध्ये औंधच्या टेकडीवर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे राहिले. जागेची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. गाव पायथ्याशी, यमाईचे मूळपीठ डोंगरमाथ्यावर आणि संग्रहालय त्या दोहोंच्या मधे, चढणीच्या वाटेवर. मुंबई-पुण्यात बांधले असते तर रसिकांची वाहवा मिळाली असती. येथे मात्र देवीला नारळ फोडायला निघालेला कुणबी, धनगर, माळीण हाच पहिला प्रेक्षक होता. चपला काढून जे देवळात जात, तेच लोक वाटेत चित्रे पाहायला थांबणार होते.

२०/
आत काय होते? रविवर्मा, म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे; जुनी लघुचित्रे; युरोपातील नामांकित चित्रांच्या प्रतिकृती; हस्तिदंत आणि चंदनातील कोरीवकाम; सहा ऋतूंची शिल्पे. हेन्री मूर या आधुनिक ब्रिटिश शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही येथे आहे. चित्रांवर थेट ऊन पडू नये पण ती स्पष्ट दिसावीत, अशी छतातून येणाऱ्या नैसर्गिक प्रकाशाची योजना इमारतीतच केलेली आहे. वीज नसलेल्या गावासाठी हा विचार फार मोलाचा होता.

२१/
या निवडीत एक विधान दडलेले आहे. औंधच्या राजांनी ‘लोकांना झेपेल असे’ वेगळे चित्रदालन काढले नाही. मूरच्या शिल्पातील आईला ओळखीचे नाक-डोळे नाहीत. जत्रेतील बाईला ते कळणार नाही, म्हणून ते वाड्यात ठेवण्याचा मार्ग मोकळा होता. पण स्वतः मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला त्या दगडातील मिठी कळणार नाही, असे कोणी कशावरून ठरवावे? सामान्य माणूस बिघडेल, या भीतीच्या जागी सामान्य माणूस समजून घेईल, असा विश्वास येथे ठेवला गेला.

२२/
जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली. राजपुत्र आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन आणि महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून ती घडली. गावपंचायत हा तिचा पाया होता आणि राजाने आपले अधिकार आपणहून लोकप्रतिनिधींच्या हाती दिले होते. संस्थानी हिंदुस्थानात प्रजा जबाबदार राज्यपद्धतीसाठी लाठ्या खात असताना हे घडत होते. लोक अजून तयार नाहीत, हाच बहुतेक संस्थानिकांचा युक्तिवाद होता. अश्लीलतेच्या कसोटीमागेही हेच वाक्य उभे होते.

२३/
याच विश्वासाचे सर्वांत धाडसी रूप आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत दिसले. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे कुंपणावाचून, शेती करीत राहू दिले गेले. पुढे या प्रयोगावरूनच प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर स्वतः याच संस्थानातले, औंधच्या शाळेत शिकलेले.

२४/
मात्र औंधचे चित्र निर्दोष रंगवणेही इतिहासाशी अन्याय ठरेल. हे सारे वरून खाली आलेले दान होते. काय पाहावे हे शेवटी राजांनीच निवडले. त्यांच्या आवडीत पौराणिक आणि नीतिपर विषयांचा भरणा होता, आणि कर्व्यांच्या मुखपृष्ठाला त्या भिंतीवर जागा मिळाली असती, असे मानायला आधार नाही. तरीही दार उघडल्यावर आत येणाऱ्याच्या डोळ्यांवर पहारा ठेवता येत नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. संग्रहालय मात्र लोकांसाठी उघडेच राहिले.

२५/
बाहेर कायदा तसाच होता. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातील ‘लव्हर्स’ ही चित्रे काढून टाकण्याचा हुकूम पोलिसांनी दिला. त्यांनी नकार दिला, अटक झाली, खटला चालला आणि उच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते निर्दोष ठरले. परंतु १९६४ मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दालन सुटले, दुकान अडकले. कला आणि शास्त्र यांच्या हितासाठीचा अपवाद कायद्यात १९६९ मध्ये आला.

२६/
हाच पेच अमेरिकेतही उभा राहिला. ७ एप्रिल १९९० रोजी सिनसिनाटी शहरात रॉबर्ट मॅपलथॉर्प या दिवंगत छायाचित्रकाराच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस होता. पोलीस आत शिरले, त्यांनी प्रेक्षकांना बाहेर काढले आणि संग्रहालयावर व त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर आरोप ठेवले. १७५ छायाचित्रांपैकी सात आक्षेपार्ह ठरवली होती. प्रदर्शनासाठी अमेरिकेतील कलासंग्रहालयावर फौजदारी खटला होण्याची ही पहिलीच वेळ. ज्युरीत आठ सामान्य नागरिक होते. बहुतेकांचा कलासंग्रहालयांशी फारसा संबंध नव्हता.

२७/
संग्रहालय हरणार, असा अनेकांचा कयास होता. सरकारी पक्षाने छायाचित्रे दाखवली आणि ती पुरेशी आहेत असे मानले. ज्युरींनी मात्र तज्ज्ञांच्या साक्षी मन लावून ऐकल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वांना निर्दोष ठरवले. चित्रे त्यांना आवडली होती असे नाही. पण न आवडणे आणि गुन्हा असणे यांतील फरक त्यांना नीट कळला. ज्यांच्या रक्षणासाठी १८६८ची कसोटी घडवली गेली होती, त्याच थरातील माणसांनी तो फरक केला, हे विसरता येत नाही.

२८/
महाराष्ट्रात १९९५ मध्ये मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे, अजगर अंगाभोवती घेतलेले, एका बुटांच्या जाहिरातीतील छायाचित्र गाजले. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता. खटला चौदा वर्षे चालून २००९ मध्ये सारे निर्दोष सुटले. अखेर २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या छायाचित्रावरून झालेल्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला सारली आणि समकालीन समाजाची दृष्टी व चित्रामागील संदर्भ पाहावा असे सांगितले. जवळजवळ दीड शतकाने कायद्याने सामान्य प्रेक्षकावर भरवसा ठेवला.

२९/
औंधच्या चढणीवर तो भरवसा १९३८ मध्येच ठेवला गेला होता. आज हे संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. साताऱ्याहून किंवा सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येते. यमाईच्या दर्शनाला निघालेले लोक अजूनही त्याच वाटेने वर चढतात. त्यांतील काही जण मधे थांबतात, छतातून उतरणाऱ्या उजेडात चित्रांपुढे उभे राहतात, आपसांत काही बोलतात आणि पुढे देवीकडे जातात.